लॅपटॉपवरून लिनक्स डेस्कटॉपला दिलेलं नेट सारखं बंद पडतंय? या क्रमाने बघा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का दुसरा कुठला ते लगेच कळेल. राउटर हॉलमध्ये, विंडोजचा लॅपटॉप वायफायवर मस्त चालतोय, आणि त्याच लॅपटॉपमधून एक लॅन वायर आतल्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपला गेलीये ज्याच्यावर आता उबुंटू किंवा मिंट, म्हणजे लिनक्स, आहे. सेटिंग केलं त्या दिवशी नेट आलं, आणि त्यानंतर यातलं काहीतरी सुरू झालं:

- लॅपटॉप रीस्टार्ट केला की डेस्कटॉपचं नेट जातं, विंडोजमधली नेट वाटायची, म्हणजे शेअरिंगची, टिक काढून परत मारली की येतं. सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण हेच.
- लॅपटॉप बंद केलेला नसतो तरी डेस्कटॉप थोडा वेळ नुसता पडून राहिला की नेट गेलेलं असतं.
- डेस्कटॉपवर नेटवर्कचं चिन्ह गोल फिरत राहतं आणि शेवटी कनेक्शन फेल झाल्याचा मेसेज येतो.
- कनेक्टेड दिसतं पण ब्राउझरमध्ये काहीच उघडत नाही.
- काही साइट उघडतात, काही अर्ध्यातच लटकतात.
- लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जाणारा खासगी बोगदा, लावलं की डेस्कटॉपचं नेट बंद.

हा प्रकार आता जास्त दिसायला लागलाय त्याला कारण आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, मग बऱ्याच जणांनी तिथे लिनक्स टाकलं, जे मला विचाराल तर चांगलंच केलं. पण त्या डेस्कटॉपना बहुतेक वेळा वायफाय कार्डच नसतं, म्हणून लॅपटॉपमधून वायर टाकून नेट द्यायचं असा मार्ग निघतो. मी नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे हेच परत परत दुरुस्त करत आलोय आणि दरवेळी एकच गोष्ट दिसते, लोक डेस्कटॉपवर तुटून पडतात. लिनक्स परत टाकतात, ड्रायव्हर शोधतात, कुठून तरी कमांड कॉपी करून मारतात, आणि बिघाड असतो लॅपटॉपमध्ये. टाकीत पाणी आहे का ते न बघता नळ खोलून बसण्यासारखं आहे हे. नेट देणारं मशीन आधी, घेणारं नंतर, एवढं धरून चाला. आणि दोन्ही मशीनवर एकदम बदल करू नका, एक बदल, मग टेस्ट, मग दुसरा, नाहीतर कशाने सुरू झालं तेच कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

फुकटातल्या गोष्टी: वायर, क्रम, घड्याळ

लॅपटॉपवर स्वतःचं नेट चालतंय का ते बघा. फोनवर नाही, लॅपटॉपवर, आणि आधी उघडलेलं पान नको, नवीन साइट उघडून. जुनं पान साठवलेलं असतं, ते दिसतं म्हणजे नेट आहे असं नाही.

मग लॅन पोर्टजवळ वाका आणि दिवे बघा. डेस्कटॉपच्या मागे वायर जिथे घुसते तिथे दोन बारीक दिवे असतात, सहसा एक स्थिर राहतो आणि दुसरा लुकलुकतो. दोन्ही मेलेले असतील तर सॉफ्टवेअरमध्ये शिरूच नका. वायरच्या टोकाला जो प्लॅस्टिकचा जॅक असतो त्याची वरची छोटी खिट्टी तुटलेली असते बऱ्याचदा, मग जॅक आत गेल्यासारखा दिसतो पण अर्धा मिलिमीटर मागे सरकलेला असतो, टेबल हललं की नेट जातं. खिट्टी टक्कन वाजली पाहिजे, नाही वाजली तर वायर बदला, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. दोन कॉम्प्युटर थेट जोडायला क्रॉसओव्हर वायर लागते असं जुने लोक सांगतात, ते जुन्या कार्डांसाठी खरं होतं, गिगाबिट पोर्ट स्वतःच ओळखून घेतात आणि दोनपैकी एका बाजूला असं पोर्ट असलं तरी पुरतं, त्यामुळे साधी वायर चालते.

लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल आणि यूएसबी डोंगल लावत असाल तर डोंगल दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, पण लक्षात ठेवा की पोर्ट बदललं की विंडोज कधीकधी त्याला नवीन कार्ड समजतं, नाव इथरनेट ३, इथरनेट ४ असं पुढे सरकतं, आणि शेअरिंग जुन्याच नावाला चिकटून राहतं. म्हणून डोंगलला एक पोर्ट ठरवून द्या आणि तिथेच ठेवा.

लाइट गेल्यानंतरचा क्रम. लाइट आली की डेस्कटॉप पटकन चालू होतो, राउटरला मात्र वर यायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि लॅपटॉप वायफायला त्यानंतर जोडला जातो. डेस्कटॉपने पत्ता मागितला तेव्हा द्यायला कोणी तयारच नव्हतं. उपाय एवढाच की आधी राउटर, मग लॅपटॉपवर नेट आलेलं बघायचं, मग डेस्कटॉप. डेस्कटॉप आधीच चालू असेल तर रीस्टार्टसुद्धा नको, त्यातलं वायर्ड कनेक्शन बंद करून चालू करा.

आणि डेस्कटॉपची तारीख आणि वेळ बघा. हसू नका, मशीन जुनं असेल तर मदरबोर्डवरचा बटण सेल, सीआर २०३२ म्हणून मिळतो, संपलेला असतो आणि तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षात जाऊन बसते. मग ब्राउझर सगळ्या साइटना असुरक्षित म्हणून अडवतो, कारण सर्टिफिकेटची मुदत तो त्या तारखेवर तपासतो. लोकांना वाटतं नेट नाही, नेट असतं. याच्यातच एक वेगळा प्रकार म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोजमध्ये घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं. सेल खराब नाही, लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतं.

आता पत्त्याचा आकडा बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आणि लोक नेमकी हीच गाळतात. घेणाऱ्या मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, एकदा बघितला की अर्ध्याच्या वर निदान तिथेच होतं. लिनक्सवर नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करून वायर्ड सेटिंगमध्ये दिसतो, विंडोजवर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप करा, मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात इथरनेट.

१९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर विंडोजच्या शेअरिंगकडूनच पत्ता मिळालाय, म्हणजे वायर ठीक, दोघांची ओळख झालीये, अडचण पुढे आहे. विंडोज ७ पासून विंडोज पत्त्यांचा हाच पट्टा वापरतं आणि स्वतःला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतं. नेट देणारं मशीन लिनक्स असेल तर पत्ता १०.४२.० ने सुरू होतो, मॅक असेल तर सहसा १९२.१६८.२ ने, आयफोनच्या हॉटस्पॉटवर असाल तर १७२.२०.१० ने.

१६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर कोणीच पत्ता दिला नाही, मशीनने स्वतःच एक घेऊन ठेवलाय. हा आकडा विंडोज आणि मॅकवर दिसतो. उबुंटू, मिंटवर बहुतेक वेळा असा पत्ता दिसतच नाही, तिथे चिन्ह फिरत राहतं आणि शेवटी फेल म्हणतं. अर्थ एकच, देणारं मशीन झोपलंय किंवा मधली वायर गेलीये.

आणि लिनक्स डेस्कटॉपवर स्वतःचाच पत्ता १०.४२.०.१ दिसला तर थांबा, दोष सापडला. सेटिंग करताना आयपीव्ही४ च्या यादीत "शेअर्ड टु अदर कम्प्युटर्स" निवडलं गेलंय. आमच्या शेजारच्या काकांकडे हेच होतं. त्यांचं म्हणणं, मला शेअर केलेलं नेट घ्यायचंय, मग शेअर्डच निवडणार ना. ऐकायला पटतं, पण तो पर्याय नेट देणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्याने तो निवडला की दोन्ही मशीन देणारी होतात, दोघंही पत्ते वाटायला बसतात आणि मागणारं कोणीच उरत नाही. घेणाऱ्याने नेहमी "ऑटोमॅटिक, डीएचसीपी" ठेवायचं, म्हणजे पत्ता आपोआप मागून घ्यायचा. एवढं बदललं, कनेक्शन बंद-चालू केलं, आणि त्यांच्याकडे नेट आलं.

तीन पिंग

पत्ता बरोबर आहे आणि तरी काही उघडत नाही, तर टर्मिनल उघडून ओळीने तीन पिंग मारा, पिंग म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघणारी कमांड. पहिला १९२.१६८.१३७.१ ला, दुसरा ८.८.८.८ ला, तिसरा कुठल्याही साइटच्या नावाला. लिनक्सवर पिंग आपोआप थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवायचा, विंडोजवर चार वेळा जाऊन स्वतः थांबतो.

दुसरा चालतो आणि तिसरा नाही, तर नेट आहे, फक्त नावाचा पत्ता शोधून देणारं काम, म्हणजे डीएनएस, अडलंय. डेस्कटॉपच्या वायर्ड सेटिंगमध्ये डीएनएसचं ऑटोमॅटिक बंद करून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहा आणि कनेक्शन बंद-चालू करा. पहिला चालतो आणि दुसरा नाही, तर डेस्कटॉप लॅपटॉपपर्यंत पोचतोय पण लॅपटॉप पुढे सोडत नाहीये, म्हणजे शेअरिंग. पहिला चालत नाही पण दुसरा चालतो असंही होतं, तेव्हा काही करायचं नाही, विंडोजची फायरवॉल फक्त पिंगला उत्तर देत नाहीये, नेट तर जातंय ना.

तिन्ही चालतात आणि तरी ब्राउझर रिकामा, तर ब्राउझरमध्ये जुनी प्रॉक्सी (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सेटिंग) किंवा एखादं एक्स्टेन्शन असतं, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा.

विंडोजची टिक, आणि ती विसरली का जाते

इथपर्यंत आलात तर लॅपटॉपवर या. विंडोज आणि आर एकत्र दाबा, त्यात एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करून एंटर मारा, जुन्या पद्धतीची खिडकी उघडेल जिथे सगळी कार्डं दिसतात. नवीन सेटिंगच्या मेनूत हे शोधत बसू नका.

टिक मारायची ती ज्या कार्डातून नेट आत येतं त्याच्यावर, म्हणजे वायफायवर. लॅनवर नाही. हे उलटं केलेलं मला कायम सापडतं कारण लोकांना वाटतं की लॅनला नेट द्यायचंय तर लॅनवर राइट क्लिक करायचं. वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, पहिली टिक, आणि खाली यादी आली तर त्यात इथरनेट निवडा. यादीत व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही असली नावं असतील तर नीट बघून निवडा, नाहीतर नेट एखाद्या खोट्या कार्डाला जातं आणि खरी वायर रिकामी राहते. टिक आधीच असेल तर काढा, ओके, परत मारा, ओके. नुसती आहे असं बघून पुढे जाऊ नका, टिक दिसते आणि आतली सर्व्हिस मेलेली असते असं होतं.

त्याच लॅपटॉपचा मोबाइल हॉटस्पॉटही चालू असेल तर तो बंद करा. तोसुद्धा आतून हीच यंत्रणा आणि हाच १३७ चा पट्टा वापरतो, दोन्ही एकदम ठेवले की गोंधळ ठरलेला.

आता मूळ दुखणं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून, या शेअरिंगची सर्व्हिस चार मिनिटं काही ये-जा झाली नाही की बंद होते आणि आपोआप परत उठत नाही. लॅपटॉप रीस्टार्ट केला तरी तेच. हे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय आणि उपायही दिलाय, पण तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, जाऊन करावा लागतो म्हणून बहुतेक जण रोज टिक काढ-घाल करत बसतात, वर्षानुवर्षं. उपाय दोन भागांचा आहे आणि दोन्ही करायचे, एक करून चालत नाही.

पहिला भाग, परत विंडोज आणि आर, सर्व्हिसेस डॉट एमएससी. यादीत इंटरनेट कनेक्शन शेअरिंग शोधा, डबल क्लिक, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करा, ओके.

दुसरा भाग रजिस्ट्री. रेजएडिट उघडा, आणि काही हात लावायच्या आधी फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून एक प्रत ठेवा, हे खरंच करा, टाळू नका. मग एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, आणि त्यात शेअर्डॲक्सेस. नसेल तर त्या नावाची की तयार करा. त्यात नवीन ३२ बिटची डीवर्ड व्हॅल्यू, नाव एनेबल-रीबूट-पर्सिस्ट-कनेक्शन, पण मधे डॅश नाहीत, स्पेस नाही, चारही शब्द इंग्रजीत जोडून आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल. किंमत १. मग टिक एकदा काढून परत मारा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तरी विंडोज काही तक्रार करत नाही, नुसतं दुर्लक्ष करतं, त्यामुळे झालं नाही तर आधी स्पेलिंग अक्षर-अक्षर लावून बघा.

याच्या जोडीला डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅबवर जा आणि वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करू द्या अशा अर्थाची टिक असते ती काढा. वायफाय कार्डाचीही काढा. लॅपटॉपचं झाकण मिटलं की झोपायचं नाही हेही पॉवरच्या सेटिंगमध्ये सांगा, देणारं मशीन झोपलं की घेणाऱ्याचं नेट जाणारच, त्यात लिनक्सचा काय दोष.

देणारं मशीन लिनक्स किंवा मॅक असेल तर

लिनक्सने नेट द्यायचं असेल तर मात्र तो "शेअर्ड टु अदर कम्प्युटर्स" पर्याय बरोबर आहे, लॅनच्या कनेक्शनवर निवडायचा. तो सहसा विसरत नाही, रीस्टार्टनंतरही टिकतो, म्हणून दोन्ही मशीन कायम चालू राहणारी असतील तर मी लिनक्सलाच देणारा करतो. बिघडतं ते तीन कारणांनी. एक, डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं असेल तर तो पुढे जाणारी पॅकेट डीफॉल्टमध्येच अडवून ठेवतो, घेणाऱ्याला पत्ता मिळतो पण नेट मिळत नाही, म्हणजे पहिला पिंग (इथे १०.४२.०.१ ला) चालतो आणि दुसरा नाही. डॉकर काढायची गरज नाही, आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांत, डॉकरने स्वतःची एक वेगळी साखळी ठेवलीये, डॉकर-युजर नावाची, त्यात लॅनकडून येणाऱ्या-जाणाऱ्याला परवानगी द्यायची. दोन, यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू असेल तर पत्ता मागणारी विनंतीच आत येत नाही. तपासायला फक्त दोन मिनिटं बंद करून बघा, त्यानेच सुरू झालं तर परत चालू करून पोर्ट ५३ आणि ६७ लॅनच्या बाजूने उघडा आणि पुढे पाठवण्याची परवानगी द्या, फायरवॉल कायमची बंद ठेवू नका. तीन, कोणीतरी डीएनएसमास्क (पत्ते वाटणारा आणि डीएनएस देणारा प्रोग्रॅम) वेगळं इन्स्टॉल करून सर्व्हिस म्हणून चालू ठेवलंय, मग नेटवर्क मॅनेजरला स्वतःचं चालवायला जागा मिळत नाही. ती सर्व्हिस बंद करा.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, इंटरनेट शेअरिंग. आधी कुठून कुठे ते निवडायचं, मग मुख्य बटण चालू करायचं. मॅक वायफायवर आलेलं नेट परत वायफायनेच वाटू शकत नाही, एका बाजूला वायर किंवा फोनची केबल लागतेच, हे माहीत नसल्यामुळे लोक तासन्‌तास घालवतात. मॅक झोपला की शेअरिंग बंद.

फोनवरून केबलने नेट घेत असाल तर अँड्रॉइड लिनक्सवर लावल्या लावल्या चालतो, विंडोजवरही, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग मॅकवर थेट चालत नाही. मॅकला फोनचं वायफाय हॉटस्पॉट द्या आणि सोडून द्या.

काही साइट उघडतात, काही नाही

हे लक्षण वेगळं आहे आणि वर सांगितलेलं काहीही करून जात नाही. इंटरनेटवर जाणाऱ्या पॅकेटचा जास्तीत जास्त आकार असतो, एमटीयू म्हणतात, साध्या लॅनवर १५००. आपल्याकडे बरेच केबलवाले युजरनेम-पासवर्डचं पीपीपीओई कनेक्शन देतात, त्यात आठ बाइट त्या पद्धतीलाच लागतात म्हणून उरतात १४९२. मोबाइलच्या नेटवर आणि व्हीपीएनमध्ये अजून कमी असू शकतात. मधे कुठेतरी मोठं पॅकेट गळतं आणि ते कळवणारा मेसेजही परत येत नाही, मग छोटी पानं उघडतात, मोठी लटकतात, लॉगिनचं पान अर्धं येतं.

तपासायचं असं. लिनक्सवर पिंगला डॅश एम डू आणि डॅश एस १४७२ लावून ८.८.८.८ ला पाठवा, यातला एम कॅपिटल आणि एस लहान. विंडोजवर डॅश एफ, डॅश एल १४७२, दोन्ही लहान. १४७२ मध्ये २८ बाइट हेडर मिळवले की १५०० होतात. हे गेलं नाही पण १४६४ गेलं तर तुमचा आकडा १४९२. डेस्कटॉपच्या वायर्ड सेटिंगमध्ये एमटीयू ऑटोमॅटिक असतो तिथे १४९२ लिहा. तेही जात नसेल तर १४०० लिहून बघा, स्पीडमध्ये फरक जाणवत नाही. हे घेणाऱ्या मशीनवर करायच्या मोजक्या कामांपैकी एक.

दोन राउटर असतील तर

घरात केबलवाल्याचा एक आणि तुम्ही घेतलेला दुसरा असे दोन राउटर असले तर दुसऱ्याच्या कुठल्या भोकात वायर आहे ते बघा. वॅनच्या, म्हणजे बाहेरून नेट येण्याच्या, भोकाऐवजी लॅनच्या भोकात असेल आणि त्याचं डीएचसीपी चालू असेल तर घरात पत्ते वाटणारे दोघं होतात, कुठलं मशीन कोणाकडून पत्ता घेईल याचा नेम नाही, म्हणून एक दिवस चालतं एक दिवस नाही. दुसऱ्याचं डीएचसीपी बंद करा. वॅनमध्ये असेल तर दोन्हींचा पट्टा वेगळा ठेवा, दोघंही १९२.१६८.१ वर असतील तर एकाचा बदलून १९२.१६८.५० वगैरे करा.

इथे थांबा

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर टिक मारताना ती पुसट दिसते किंवा आपोआप निघून जाते, ते धोरण ऑफिसने लावलेलं असतं. व्हीपीएन लावल्यावर डेस्कटॉपचं नेट जातं तेही असंच, सगळी वाहतूक ऑफिसच्या बोगद्यातून जाते आणि परक्या मशीनला तिथे जागा नसते. तिथे रजिस्ट्री उघडू नका, ऑफिसच्या आयटीला विचारा, आणि ते नाही म्हणाले तर नाही. नोकरीचं मशीन आहे ते.

राउटरवर किंवा फायबरच्या डब्यावर लॉस नावाचा लाल दिवा असेल तर सरळ केबलवाल्याला फोन. फायबरची पातळ पिवळी किंवा काळी वायर जोरात वाकवू नका, कनेक्टर काढून फुंकर मारू नका, आणि टोकाकडे डोळा लावून तर अजिबात बघू नका, त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण तो लेझर आहे.

डेस्कटॉपच्या पत्र्याला किंवा लॅन वायरच्या धातूच्या टोकाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा झटका बसत असेल तर सगळं बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, नेटवाल्याला नाही. अर्थिंग नाहीये. हे चालवून घेऊ नका, त्याच वायरने दोन्ही मशीन जोडलेली आहेत आणि घरात लहान मुलं असतात.

वळवाच्या पावसात वीज कडाडल्यानंतर पोर्टचे दिवे गेले आणि दुसरी वायर लावूनही येत नाहीत तर पोर्ट जळालंय. गच्चीवरून साधी तांब्याची लॅन वायर आलेली असेल तर हे जास्त होतं. डेस्कटॉपचं पोर्ट जळालं तर दुरुस्तीच्या नादी न लागता यूएसबी लॅन डोंगल लावा, पण जळाल्याचा वास येत असेल किंवा मशीन चालू होताना आवाज वेगळा येत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या, घरी उघडू नका.

केबलवाल्याने मशीनचा मॅक पत्ता (ॲपलचा मॅक नव्हे, प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) बांधून ठेवला असेल तर राउटर बदलल्यावर किंवा वायर थेट दुसऱ्या मशीनला लावल्यावर नेट येत नाही, ते तुमच्या हातात नसतं, त्यालाच नवीन पत्ता नोंदवायला सांगावं लागतं.

आणि हे सगळं नीट करूनही आठवड्यातून दोनदा तेच होत असेल तर लॅपटॉपमधून नेट देणं सोडा. राउटरपासून डेस्कटॉपपर्यंत लांब वायर जात असेल तर तीच टाका, भिंतीच्या कडेने पट्टीत घालून, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. जात नसेल तर डेस्कटॉपला हजाराच्या आतलं यूएसबी वायफाय डोंगल घ्या, फक्त घेताना त्यातली चिप लिनक्सवर ड्रायव्हर न टाकता चालते का ते विचारा, काही रियलटेक चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झालं की तो परत टाकावा लागू शकतो. किंवा घरात जुना राउटर पडला असेल आणि त्यात क्लायंट मोड असेल तर तो डेस्कटॉपजवळ ठेवून वायफाय घ्यायला लावा आणि त्यातून छोटी वायर डेस्कटॉपला द्या.

कोणालाही मदतीला बोलावताना चार गोष्टी लिहून ठेवा, डेस्कटॉपचा पत्ता कुठल्या आकड्याने सुरू होतो, तीनपैकी कुठले पिंग चालले, पोर्टचे दिवे लागतात का, आणि शेवटचं चाललं तेव्हापासून काय बदललं. एवढं फोनवर सांगितलंत तर समोरच्याला घरी यायची गरज बहुतेक पडत नाही.